हवा धरलीया!

नळाला वाचा असते, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी सकाळी पाणी यायच्या आधी पाच मिनिटं आमच्या अंगणात येऊन उभं राहावं. आधी तो जमिनीखालून कुठून तरी कण्हतो. मग एक लांबलचक सुस्कारा टाकतो. मग सभेचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले की करतात तसा दोन-तीनदा खाकरतो. शेवटी 'फुस्स' करून चार थेंब अंगावर उडवतो आणि पुन्हा गप्प बसतो. नवखा माणूस इथं निराश होऊन घागर उचलतो. जुनाजाणता हलत नाही. अध्यक्ष खाकरले म्हणजे भाषण होणारच, हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं. फरक एवढाच, की अध्यक्षांच्या बाबतीत हवा नंतर येते, नळाच्या बाबतीत ती आधी येते.

तसं मुरगूडच्या माणसानं पाण्यावर बोलणं म्हणजे कोल्हापूरच्या माणसानं गुळावर रडण्यासारखं आहे. शेजारून वेदगंगा वाहते. तिच्या डोक्यावर पाटगावचं धरण आहे. गावाला सर पिराजीरावांच्या नावाचा तलाव आहे. हे पिराजीराव म्हणजे कागलचे अधिपती आणि शाहू महाराजांचे धाकटे बंधू. थोरल्यांनी राधानगरीच्या धरणाचा घाट घातला आणि धाकट्यांचं नाव आमच्या तलावाला लागलं. एवढी पुण्याई पाठीशी असताना माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी येऊ नये, याचा दोष ना नदीला देता येत होता, ना महाराजांना.

झालं ते असं. ओळीनं दोन दिवस सकाळी नेमकी पाण्याच्या वेळी वीज गेली. गच्चीवरची टाकी तळाला लागली, मग तळही वाळला. तिसऱ्या दिवशी वीज आली, टाकी काठोकाठ भरली. मी विजयी मुद्रेनं खाली आलो आणि हिला म्हटलं, "सोड आता नळ!"

हिनं नळ सोडला. नळानं एक ढेकर दिली आणि तो शांत झाला.

"टाकी भरलीय ना?" हिनं विचारलं.

"काठोकाठ."

"पाइप फुटलाय?"

"नाही. कुठं ओलसुद्धा नाही."

"चावी बंद आहे का?"

"उघडी आहे. दोनदा बघितली."

"वर पाणी आहे, खाली नळ आहे, मध्ये पाइप आहे, मग पाणी अडलंय कुठं?"

हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला असला, तरी मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी आयुष्यं घालवावीत असा आहे. वर कृपा आहे, खाली गरज आहे, मध्ये मार्ग आहे, आणि तरी एकाचं दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. मी हे बोलून दाखवलं. हिनं रिकामी कळशी माझ्या हातात दिली.

आमच्या गल्लीत आजारपण आणि नळ या दोन गोष्टींवर सल्ला द्यायला शिक्षणाची अट नाही. तासाभरात चौघं येऊन गेले. एकानं पाइप पान्यानं ठोकायला सांगितला. मी ठोकला, गिलावा पडला. दुसऱ्यानं सगळे नळ एकदम उघडून ठेवायला सांगितलं. ठेवले, घरभर नळांची तोंडं उघडी राहिली आणि आमचीही. तिसरा म्हणाला, तोटीला तोंड लावून जोरात फुंका. या वयात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर वाकून नळ फुंकणारा मनुष्य पाठीमागून कसा दिसत असेल याची मला कल्पना नव्हती. ती नातवानं करून दिली. त्यानं शेजारच्या पोरांना हाक मारली, "या रे, आजोबा सनई वाजवतायत!"

चौथे आमचे शेजारी. त्यांचा ऊस नदीकाठी आहे. ते म्हणाले, "मास्तर, फुटबॉल बघितला का?" मी गोंधळलो. कोल्हापूरच्या पेठांमध्ये फुटबॉल म्हणजे दोन तालमींमधला जीवनमरणाचा प्रश्न असतो, हे मला माहीत होतं. पण त्याचा माझ्या नळाशी काय संबंध? पुढं उलगडा झाला. नदीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी पाणी परत जाऊ नये म्हणून जी झडप असते, तिला नदीकाठी फुटबॉल म्हणतात. ती गळली की पाइपातलं पाणी उतरतं, आत हवा शिरते आणि मोटर नुसती ओरडत राहते. पाण्याचा थेंब येत नाही. मग वरून बादलीनं पाणी ओतून पाइप भरून घ्यावा लागतो, तेव्हा कुठं ती पाणी धरते. म्हणजे पाणी मिळवायचं तर आधी थोडं पाणी आपल्या पदरचं घालावं लागतं. हे वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढं उपयोगी पडलं.

अखेर मिस्त्री आला. हाच माणूस आमचं घर बांधताना पाइप घालून गेला होता. त्यानं नळ उघडला, कान लावला, डोळे मिटले. अगदी नाडी बघणारे वैद्यच. मग म्हणाला, "हवा धरलीया."

"कुणी?"

"पाइपानं. पर खरं सांगायचं तर तुम्हीच."

हवेबद्दल मराठी भाषेचं मत पहिल्यापासून चांगलं नाही. एखाद्याच्या डोक्यात हवा जाते, कुणाची हवा काढून घ्यावी लागते, निवडणुकीत ज्याची हवा असते तो निकालानंतर दिसत नाही. पाण्याचं तसं नाही. माणसाला पाणी असतं, डोळ्यांत पाणी येतं, एखादा कुणाला पाणी पाजतो. आपल्या पूर्वजांनी नळ येण्याआधीच हवा आणि पाणी यांतला झगडा ओळखला होता म्हणायचा. माझ्या पाइपात तोच चालला होता, आणि हवा जिंकत होती.

आता ही हवा एवढ्या पाण्याला अडवते कशी, याचं मला कोडं पडलं. पाण्यापुढं हवेचं वजन ते काय? मिस्त्रीनं खिशातून खडू काढला आणि भिंतीवरच हिशेब मांडला. मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, पण इतकं सोपं कधी लिहिलं नाही.

टाकी जमिनीपासून १२ फुटांवर. तिथून पाइप सरळ खाली येतो आणि जोत्यालगत १ फुटावरून धावतो. म्हणजे पाण्याच्या खिशात ११ फुटांची उतरण, ही त्याची मिळकत. वाटेत लागतं परसदार. त्याच्यावरून पाइप ७ फुटांवर चढतो आणि पलीकडं पुन्हा उतरतो. ६ फूट खर्च. पुढं न्हाणीघराचं दार. तिथं पुन्हा ६ फूट चढ. एरवी यानं काही बिघडत नाही, कारण चढताना खर्च केलेले ६ फूट उतरताना पाण्याला परत मिळतात. पण टाकी पूर्ण रिकामी झाली, पाइपात हवा शिरली, आणि नंतर पाणी सोडलं तेव्हा ती हवा दाराच्या माथ्यावर आणि पलीकडच्या उतरणीत अडकून बसली. आता पाणी चढताना खर्च करतं, पण उतरणीत पाणीच नाही, हवा आहे. तिच्याकडून परत काही मिळत नाही. मिळकत ११, खर्च ६ आणि ६ मिळून १२. एक फूट कमी पडतो. तेवढ्यासाठी सगळा संसार ठप्प.

"अगदी आपल्या घरखर्चासारखं," ही आतून म्हणाली. "एकाच्या फरकानं सगळं अडतं."

"पण दारांवरून या कमानी घातल्या कुणी?" मी जरा आवाज चढवून विचारलं.

मिस्त्रीनं खडू खिशात ठेवला. "मी बोललो हुतो, मास्तर. टाकीपास्नं सलॅबच्या कडंनं जरा उताराचा पाइप घेऊ म्हणून. तुम्ही म्हणाला, घराच्या दर्शनी भिंतीवर पाइप दिसतोय, तिथं नाव कोरायचं हाय."

खरं होतं. दर्शनी भिंतीवर आमच्या घराचं नाव आहे. आमच्या वडिलांचं. पाइप त्याला आडवा येऊ नये म्हणून मी तो मागून नेला होता, आणि मागं दोन दारं होती. मिस्त्री पुढं म्हणाला, "हवा कुठं बी बसत न्हाई. सगळ्यांत उंच जागा बघून बसती." हे तो पाइपाबद्दलच बोलत होता, अशी मी अजून समजूत करून घेतो.

हवा जायला वाट ठेवली पाहिजे, ही अक्कल जुन्या लोकांना होती. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत पाण्याचा बंदिस्त नळ आणला. जमिनीखालून जाणाऱ्या त्या नळावर ठिकठिकाणी हवा बाहेर पडायला उभी धुराडी ठेवली होती. त्यांना नाव काय दिलं, तर उच्छ्वास! दगडी नळालासुद्धा श्वास सोडायला जागा हवी, हे ज्यांनी ओळखलं ते नुसते कारागीर नव्हते. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, मलिक अंबरनं आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहर आणली, तिच्यावरही असे मनोरे आहेत. आणि काळम्मावाडीच्या धरणातून २०२३ साली कोल्हापूरला जी थेट पाइपलाइन आली, तशा मोठ्या नळांना उंचवट्याच्या जागी हवेच्या झडपा बसवतात. रस्त्याकडेच्या अशा झडपेतून कधी कधी कारंजं उडताना दिसतं आणि भोवती बायका घागरी घेऊन उभ्या असतात. हवेसाठी ठेवलेल्या वाटेनंच त्यांच्या वाट्याला पाणी येतं.

आपल्या गच्च्यांवरही टाकीशेजारी छत्रीच्या दांड्यासारखी वाकलेली एक नळी उभी असते. तिच्यातून थेंबभर पाणी येत नाही. पोरं तिला पतंगाचा दोरा बांधतात. घर बांधताना मी हिशेबात काटछाट केली तेव्हा पहिली तीच उडवली होती. "जिच्यातून पाणी येत नाही ती नळी कशाला?" असं मी मिस्त्रीला बाणेदारपणे विचारल्याचं मला स्पष्ट आठवतं. टाकीतून खाली जाणाऱ्या पाइपातली हवा तिच्यातूनच बाहेर पडते. कामाचा माणूस आणि बोलका माणूस यांच्यात माझी निवड अशीच चुकत आली आहे.

"मग आता उपाय?"

"उपाय सोपा. अंगणातनं नळी आणायची, हितल्या तोटीला घट्ट बसवायची आणि उलटं पाणी सारायचं. हवा टाकीच्या वाटंनं वर जाती. टाकीत बुडबुडं आलं की झालं. मागनं टाकीतलं पैलं पाणी सोडून द्यायचं, प्यायला घ्यायचं न्हाई."

"नळाच्या पाण्याला एवढा जोर आहे?"

"न्हाई. वर टाकीपत्तूर चढायचं न्हाई ते." मिस्त्री क्षणभर थांबला. मग अगदी सहज, हवामानावर बोलावं तसं म्हणाला, "तुमची मोटर लावा की."

वाचकहो, इथं मला जरा थांबलं पाहिजे. या मोटरीचा उल्लेख मी आतापर्यंत केला नव्हता, हे तुमच्या लक्षात आलं असेल. टाकी 'भरली' असं मी म्हटलं. कशी भरली ते सांगितलं नाही. आमच्या घरात ती पायऱ्यांखाली, पोत्याखाली असते. पाहुणे आले की पोत्यावर चपलांचा खोका ठेवतो. गावाच्या नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणं नियमात बसत नाही. सापडली तर जप्त होते. म्हणून तिला आम्ही घरात 'मोटर' म्हणत नाही. 'ती' म्हणतो. "ती लावली का?" "ती बंद करा, कुणीतरी आलंय." जन्मात मी हिच्याखेरीज दुसऱ्या कुणाला इतक्या जपून 'ती' म्हटलेलं नाही.

मोटर लावली. नळी घट्ट धरून मी ओट्याशी उभा राहिलो, मिस्त्री गच्चीवर गेला. पाइपात गडगडाट झाला, भिंतीतून कुणी तरी दाणदाण चालत गेल्यासारखं वाटलं, आणि वरून मिस्त्री ओरडला, "आलं बुडबुडं! सुटली हवा!" नळ उघडला. पाणी आलं. ही हसली. नातू टाळ्या वाजवायला लागला. सगळं कसं छान झालं होतं.

तेवढ्यात दारात आक्का आल्या.

आक्का वरच्या गल्लीत राहतात. एकट्या आहेत. वरची गल्ली नावाप्रमाणंच वर आहे. रोज पाण्याची वेळ सरली की त्या दोन घागरी घेऊन येतात. त्यांच्या नळाला नुसता वारा येतो. मी त्यांना दोन घागरी भरून देतो. त्या घागर कमरेवर घेताना दर वेळी म्हणतात, "तुमच्यामुळं पाणी पितोय बगा, मास्तर. देव तुमचं भलं करील." आमच्याकडं कोल्हापुरात बायकाही 'जातो', 'येतो' असंच बोलतात, हे परगावच्या वाचकांसाठी सांगितलं. हा आशीर्वाद मी गेली कितीतरी वर्षं रोज घेत आलोय. कधी कधी तर त्या निघून गेल्यावर मला स्वतःबद्दल इतकं बरं वाटायचं, की मी चहा जास्त मागायचो.

त्या दिवशी घागर भरताना मी सहज म्हटलं, "आक्का, दोन दिवस दिसला नाहीत. तब्येत बरी ना?"

"बरी हाय की. दोन दिवस लाइट न्हवती न्हवं सकाळी? आमच्या नळाला पाणी आलं. चांगलं धो धो."

मिस्त्री नळीची गुंडाळी करत होता. त्यानं मान वर केली नाही.

माझ्या हातातली घागर भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही. गणित मिस्त्रीनं मघाशी भिंतीवर मांडलंच होतं. आता फक्त आकडे बदलायचे होते. वीज नसली की गल्लीतल्या मोटरी बंद. मोटरी बंद म्हणजे पाणी आपल्या पायानं चालत वरच्या गल्लीपर्यंत जातं. वीज आली की आम्ही मोटरी लावतो आणि आक्कांच्या नळाला वारा. मग मी त्यांच्याच वाट्याच्या पाण्यातलं दोन घागरी पाणी त्यांना देतो, आणि वर त्यांचा आशीर्वाद घेतो. म्हणजे मुद्दल माझ्याकडं, व्याजही माझ्याकडंच! इतका किफायतशीर धर्म मी दुसरा पाहिला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माणसाला झोप लागली नाही की त्याच्या मनात एक वकील जागा होतो. माझ्या वकिलानं तीन मुद्दे मांडले.

पहिला मुद्दा, सगळेच मोटरी लावतात. प्रशियात कान्ट नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याच्या घरी नळ होता की नाही ठाऊक नाही, पण १७८५ साली त्यानं एका ग्रंथात कुठल्याही वागण्याची परीक्षा सांगून ठेवली आहे. जे करायचं ते सगळ्यांनीच केलं तर चालेल काय, असं स्वतःला विचारा. आमच्या गल्लीत ही परीक्षा रोज सकाळी प्रत्यक्ष होते. सगळ्यांनी मोटरी लावल्या की कुणालाच जास्त पाणी मिळत नाही. मोटर पाणी निर्माण करत नाही. ती दुसऱ्याच्या पाइपात पोकळी तयार करते. त्या पोकळीत कुठल्या तरी सैल सांध्यातून हवा शिरते आणि गटार जवळ असेल तर त्यातलं पाणीही शिरतं. मग हीच हवा दुसऱ्या दिवशी पाण्यापुढं धावत सुटते, ज्यांच्याकडं मीटर आहेत त्यांचे काटे फिरवते, आणि माणूस वाऱ्याचं बिल भरतो.

दुसरा मुद्दा जरा बळकट होता. मी एकट्यानं मोटर काढली तर पाणी काही आक्कांकडं जाणार नाही. ते शेजारच्यांच्या मोटरीत जाईल. मग माझ्या प्रामाणिकपणाचा फायदा कुणाला? शेजारच्याला! या मुद्द्याला मला नीट उत्तर सापडेना. रात्री दोनपर्यंत शोधलं. मग आठवलं, की हाच मुद्दा शेजारच्या घरात माझ्याबद्दल मांडला जात असणार. तो म्हणत असेल, मी काढली तर मास्तरांच्या मोटरीत जाईल. आमची सगळी गल्ली एकमेकांकडं बोट दाखवून उभी, आणि पाणी कुणाच्या तरी पहिल्या पावलाची वाट बघत मध्ये अडलेलं. एका फुटाचा फरक.

जुने विद्वान म्हणत, निसर्गाला पोकळी सहन होत नाही. पंपामागं पाणी चढतं ते त्यामुळंच. पुढं इटलीतल्या पंपवाल्यांच्या ध्यानात आलं, की पाणी सुमारे ३४ फूट चढतं आणि थांबतं. काही केल्या वर येत नाही. म्हणजे निसर्गाचा तिटकाराही ३४ फुटांपुरताच! १६४३ च्या सुमारास टॉरिचेलीनं सांगितलं, की बाबांनो, पोकळी ओढत नाही, बाहेरची हवा ढकलते, आणि तिचा जोर तेवढाच आहे. मला त्या रात्री वाटलं, माझ्या तत्त्वांचंही तेच होतं. शाळेत पोरांना 'खरे बोलावे' शिकवण्यापर्यंत ती चढत होती. गच्चीवरच्या टाकीपर्यंत काही पोचत नव्हती. बाहेरून कुणी ढकलत होतं तोवर चढली. आतली ओढ अशी नव्हतीच.

तिसरा मुद्दा मांडायला वकील उठला, "पण आम्ही दोन घागरी देतोच की!" आणि माझ्या तोंडाकडं बघून खाली बसला.

सकाळी मी मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. पाइप दारांवरून काढून स्लॅबच्या कडेनं सरळ उतारानं घ्यायला सांगितला. "नावावरनं जातोय बगा," तो म्हणाला. म्हटलं, जाऊ दे. आमचे वडील कधी कुणाच्या पाण्याच्या आड आले नव्हते. आता त्यांच्या नावावरून पाणी गेलं तर त्यांना वाईट वाटणार नाही. टाकीजवळ ती वाकलेली नळीही उभी केली. आणि अंगणात जमिनीत एक छोटा हौद बांधायला घेतला. नळाचं पाणी जेवढं आपल्या जोरानं येईल तेवढं त्यात पडायचं आणि मोटरीनं त्या हौदातून वर चढवायचं. आपल्या हौदातलं आपण उपसलं तर कुणाची हरकत नसते. मोटर तीच, वीज तीच, फक्त जागा दहा फूट सरकली. माणसाच्या चोरीत आणि कष्टात कधी कधी एवढंच अंतर असतं. खर्च मात्र बराच येतो. हौदाचा आकडा ऐकून ही म्हणाली, "एवढे पैसे?" मी नदीकाठचं वाक्य काढलं, "पाणी हवं तर आधी पदरचं थोडं घालावं लागतं." ती म्हणाली, "घागरभर म्हणाला होतात, हौदभर नव्हे."

यानंतर वरच्या गल्लीत गंगा अवतरली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. गल्लीत एक मोटर कमी झाली, एवढंच. आमच्या हौदात कधी अर्धं पाणी पडतं, कधी त्याहून कमी. शेजाऱ्यांची टाकी पूर्वीपेक्षा लवकर भरते. ते माझ्याकडं जरा कनवाळूपणे बघतात. काही गावांत पाण्याच्या वेळी मुद्दाम वीजच बंद ठेवतात म्हणे. त्या उपायात माणसाच्या सद्‌बुद्धीवर विसंबावं लागत नाही, हे त्याचं मोठेपण आणि आपलं छोटेपण.

आक्का आठवड्यानं एक घागर घेऊन आल्या. दोन नव्हे, एकच.

"आता करंगळीएवढं येतंय," त्या म्हणाल्या. "एक घागर भरती. एक तुमच्याकडनं न्हेतो." मग घागर नळाखाली ठेवत विचारलं, "मास्तर, तुमची मोटर बिघडली काय वो? सकाळचा आवाज येत न्हाई."

मी जागच्या जागी थिजलो. "तुम्हाला... आवाज ऐकू यायचा?"

"आवो, वरची गल्ली हाय. खालचं समदं ऐकू येतंय."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

आक्कांनी पदर खोचला. "काय बोलायचं? मोटरी सगळ्यांच्यात हायत. घागर भरून देणारं घर एकच हुतं."

यावर काय बोलावं? मला खूप बोलायचं होतं. चुकलो म्हणायचं होतं, तुमचंच पाणी होतं म्हणायचं होतं, ते आशीर्वाद परत घ्या म्हणायचं होतं. शब्द सगळे भरलेले होते, वाटही मोकळी होती, आणि तरी मध्येच कुठं तरी अडकले होते. वर्षानुवर्षांची हवा एका दिवसात निघत नाही. आक्का थांबल्या होत्या. घागर भरत आली होती.

मी दोन-तीनदा नुसता खाकरलो.

"बोला की, मास्तर," आक्का म्हणाल्या.

मग बोललो.